आभाळाचं तिकीट

दिवाळी आटोपली, पाऊस पूर्ण हटला, की आमच्या ऑफिसात दर वर्षी एक प्रश्न फिरत फिरत माझ्या टेबलापाशी येतो. "कर्जतकडे आकाशदर्शनाचा कार्यक्रम आहे, माणशी दोन हजार म्हणतायत. जाऊ का?" माझ्याकडे येण्याचं कारण एवढंच, की मॉनिटरशेजारी मी शनीचं एक चित्र चिकटवून ठेवलंय आणि त्यामुळे मला दुर्बिणीतलं सगळं कळतं असा लोकांचा समज झालाय. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी डोळे झाकून "जा" म्हणतो. (सल्ला डोळे झाकून, दर्शन मात्र डोळे उघडे ठेवून!)

खरी अडचण दुसऱ्या प्रकारच्या माणसाची आहे. त्याला मृग आणि व्याध ओळखता येतो, घरी एखादी साधी द्विनेत्री आहे, अशा कार्यक्रमांना दोन-तीनदा जाऊन आलाय. म्हणजे ज्याला आपण हौशी खगोलप्रेमी म्हणतो, तो. त्याने पुन्हा पुन्हा पैसे भरून जावं का? त्याचे पैसे वसूल होतात का?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. पैसे घेऊन आभाळ दाखवायचा धंदा निदान पावणेदोनशे वर्षं जुना आहे, आणि माझ्या मते उत्तर त्या इतिहासातच आहे. म्हणून या वीकेंडला थोडा इतिहास.

पण आधी आमच्या प्रभादेवीचं आभाळ कसं आहे ते सांगतो, कारण सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून हिवाळ्यातल्या अमावास्येलासुद्धा तीस-चाळीसच्या वर तारे दिसत नाहीत. मी मोजलेत. मृगाचे चार कोपरे आणि पट्ट्यातले तीन, व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, पुनर्वसूचे दोन, असं करत यादी लवकरच संपते. कृत्तिकांचा पुंजका म्हणजे डोळे बारीक करून बघितला तर एक धुरकट डाग. खऱ्या अंधाऱ्या जागी एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणजे आमच्या वाट्याला शंभरातले एक-दोन आले! गिरण्यांच्या जागी टॉवर आले, २००९ साली वांद्रे-वरळी सी-लिंक झाला, प्रत्येक दुकानाची पाटी उजळली. हा सगळा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर आपटून परत खाली येतो आणि आभाळाचा पडदा करड्या-नारिंगी रंगाचा करून टाकतो. फिकट तारे जागेवरच असतात, पण त्यांच्यामागची पाटीच काळी उरलेली नसते.

त्यामुळे मुंबईकराला आकाशदर्शनाचे पैसे पडतात ते मुळात अंतराचे. तारे फुकट आहेत, अंधार विकत घ्यावा लागतो.

त्यातही वर्षाचा हिशेब करून बघा. जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरचा अर्धा महिना बेभरवशाचा. उरलेल्या सातेक महिन्यांत अमावास्येच्या आगेमागे चंद्राचा त्रास नसलेले शनिवार महिन्याला फार तर दोन. म्हणजे वर्षाला जेमतेम चौदा रात्री. त्यात एखादं लग्न, एखादं रिलीज आणि एखादं ढगाळ हवामान वजा करा. सात-आठ रात्री हातात राहिल्या तर नशीब. त्या कशा खर्च करायच्या हा प्रश्न दोन हजार रुपयांपेक्षा मोठा आहे, असं मला तरी वाटतं.

आता इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या रस्त्यांवर संध्याकाळी दुर्बीण लावून उभे राहणारे लोक असायचे. एक पेनी द्या आणि चंद्र, गुरू, शनी बघा. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांच्या मुलाखती घेऊन जे मोठं काम केलं, त्यात अशा एका दुर्बीणवाल्याचीही मुलाखत आहे. हा गृहस्थ पेशाने शिंपी! दिवसा कपडे शिवायचा आणि रात्री आभाळ दाखवायचा. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे व्यवहार अगदी स्वच्छ होता. एक पेनी, एक नजर. तुम्ही खगोलशास्त्रज्ञ व्हाल असं आश्वासन नाही, सोबत बुफे नाही, कॅम्पफायर नाही. आणि या सगळ्यात सर्वात जास्त आभाळ कुणी पाहिलं असेल? ज्यांनी पेनी दिली त्यांनी नव्हे, तर ज्याने ती घेतली त्याने. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

आपल्याकडे त्याच शतकाच्या शेवटी याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' हा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना माहीत असतो. पण १८९०च्या दशकात त्यांनी सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास' नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्याला दुसरं नाव दिलं, 'रात्रीची दोन घटका मौज'. घटका म्हणजे २४ मिनिटं. दोन घटका म्हणजे ४८. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने रात्री अंगणात ४८ मिनिटं काढावीत आणि आभाळाची ओळख करून घ्यावी, एवढंच त्या नावात आहे. दुर्बीण नाही, प्रवास नाही, तिकीट नाही. तेव्हा अंधार अंगणातच होता हे खरं, आपल्याला ती चैन राहिलेली नाही. पण ४८ मिनिटं हा आकडाही लक्षात ठेवा.

तिसरा प्रयोग आहे १८९८ सालचा, आणि तो तर आपल्या दारात झाला.

२२ जानेवारी १८९८ ला झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर येऊन महाराष्ट्र ओलांडत ईशान्येकडे गेली. जानेवारीचं कोरडं आभाळ आणि सुमारे दोन मिनिटांची खग्रास अवस्था. जगभरचे लोक इथे येणार हे उघड होतं. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर आले. त्यांच्या मदतीला ब्रिटिश नौदलाचं 'मेल्पोमीन' जहाज होतं आणि त्यावरच्या खलाशांना शिकवून त्यांनी निरीक्षणाच्या कामाला लावलं. सोलापूरच्या वाटेवर जेऊर इथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ टाकला. पुण्याच्या ज्या वेधशाळेचे ते प्रमुख होते, तिला भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींची देणगी होती आणि तिथे २० इंची आरशाची दुर्बीण होती. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

हे झाले सरकारी आणि संस्थानी पैशाने काम करणारे. पण विदर्भात तळणी नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनजवळ एक वेगळाच तंबू पडला होता. ते होते ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे लोक. १८९० साली स्थापन झालेली ही संघटना मुख्यतः हौशी लोकांची. स्वतःच्या खिशातून भाडं भरून ग्रहण बघायला जायचं, ही त्यांची पद्धत. आजच्या भाषेत 'पेड टूर'च! दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १८९६ मध्ये, हीच मंडळी 'नॉर्स किंग' नावाच्या जहाजाने नॉर्वेतल्या वाडसो इथे गेली होती. तिथे ऐन वेळी ढग आले आणि ग्रहण बुडालं. सगळे पैसे समुद्रात. तरीही १८९८ ला पुन्हा पदरमोड करून ते हिंदुस्तानात आले. का आले?

त्या तळणीच्या तंबूत ॲनी माँडर नावाच्या बाई होत्या. ग्रीनिच वेधशाळेत त्या आकडेमोडीचं काम करायच्या, पण १८९५ साली लग्न झालं आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. म्हणजे तळणीला आल्या तेव्हा त्यांना पगार देणारं कुणी नव्हतं, कागदोपत्री त्याही हौशीच. त्यांनी स्वतःचा कॅमेरा आणला होता. त्या दोन मिनिटांत त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून दूरवर गेलेला एक किरण टिपला. तोवर एवढा लांब किरण कुणाच्याच फोटोत आला नव्हता. पगारी, सरकारी तुकड्यांच्याही नाही.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचं उत्तर या तळणीच्या तंबूत आहे. ॲनीबाईंनी तिकीट जागेचं काढलं, सोबतीचं काढलं. पण त्या प्रेक्षक म्हणून आल्या नव्हत्या. काय करायचं, कुठल्या कॅमेऱ्याने, किती सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं, हे त्या घरून ठरवून आल्या होत्या. आज आपण भरतो त्या पैशांत आणि त्यांनी भरलेल्या पैशांत फरक असेल तर तो हाच.

असंच दुसरं उदाहरण बंगालचं. जेसोरच्या सरकारी खजिन्यात कारकुनी करणारे राधागोविंद चंद्र. तेज कमीजास्त होणाऱ्या, म्हणजे रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी करून ते अमेरिकेतल्या अशा निरीक्षकांच्या संघटनेला पाठवायचे. त्यांचं काम बघून त्या संघटनेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवून दिली! जन्मभरात त्यांच्या नोंदी सदतीस हजारांवर गेल्या. यांना आकाशदर्शनाचं तिकीट कुणी काय विकणार?

आता मराठी मुलखात परत येऊ. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ही देशातली सर्वात जुनी संस्था. १९५४ साली पुण्याच्याच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. मुंबईला तारांगण मिळायला १९७७ उजाडलं. वरळीचं नेहरू तारांगण आमच्या प्रभादेवीहून बसने काही मिनिटांवर. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी आकाशगंगा पहिल्यांदा पाहिली ती इथल्या घुमटावर, खुर्ची मागे कलंडवून. आकाशदर्शनाला तिकीट असतं हे आपल्या डोक्यात पहिल्यांदा बसलं तेही बहुधा इथेच, आणि त्यात गैर काहीच नाही. यंत्र आहे, एसी आहे, माणसं आहेत, त्यांचा खर्च आहे.

मग आला हॅलेचा धूमकेतू. फेब्रुवारी १९८६ मध्ये तो सूर्याच्या सर्वात जवळ येणार म्हणून आधीपासूनच हवा तापली होती. १९८५ साली मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. शीवच्या साधना विद्यालयात बैठका आणि वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन, ही त्याची ओळख मुंबईतल्या हजारो मराठी घरांत पोचली. वांगणी का, हे नकाशा आणि लोकलचं टाइमटेबल शेजारी ठेवलं की कळतं. बदलापूरच्या पुढचं स्टेशन, शहराच्या उजेडापासून लांब, पण दादरहून कर्जत लोकलने थेट. संध्याकाळच्या गाडीने जायचं आणि पहाटेच्या गाडीने परत. रात्री उशिरा परतायला गाडी नाही, म्हणून कार्यक्रमही रात्रभराचा! आणि रात्रभर बसलं की एक फार मोठी गोष्ट आपोआप होते. आभाळ फिरताना दिसतं. संध्याकाळी पूर्वेला उगवलेलं मृग पहाटे पश्चिमेला कलतं, हिवाळा संपत आला असेल तर उत्तररात्री वृश्चिक वर येतो. दोन तासांच्या कार्यक्रमात हे कळणारच नाही.

अशा मंडळांच्या शुल्काचं गणित साधं असतं. जागा, चहा-जेवण, थोडी देखभाल. शिकवणारा घरचं खाऊन आलेला. तो बँकेत किंवा शाळेत नोकरी करतो आणि शनिवारी रात्री तुम्हाला शर्मिष्ठेवरून ध्रुवतारा शोधायला शिकवतो. परवान्यांच्या काळात परदेशी दुर्बीण आणणं सोपं नव्हतं, त्यामुळे अनेकांनी काचेच्या दोन चकत्या कार्बोरंडम टाकून एकमेकींवर महिनोन् महिने घासून आपापले आरसे बनवले. त्या आरशाचा बाक बरोबर आलाय का ते तपासायला लागतो एक बारीक दिवा आणि दाढीचं पातं. पुढे पुण्याच्या आयुकानेही हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. यातल्या बहुतेकांची सुरुवात कधीतरी शुल्क भरून आलेला प्रेक्षक अशीच झाली असणार. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यांना कुणीतरी म्हणालं, "जरा ही दुर्बीण धर रे, मी चहा घेऊन येतो." आणि तिथून माणूस पलीकडच्या बाजूला गेला. लंडनच्या शिंप्याच्या बाजूला.

आता मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे थोडी आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. समजा कार्यक्रमाला ६० माणसं आहेत आणि दोन दुर्बिणी. म्हणजे एकेका दुर्बिणीमागे ३० जणांची रांग. प्रत्येकाने ४० सेकंद घेतले तर एक वस्तू सगळ्यांनी बघायला २० मिनिटं. शनी, गुरू, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, असं करत सहा वस्तू दाखवायच्या तर दोन तास. यात तुमच्या वाट्याला भिंगाशी आलेला वेळ किती? सहा गुणिले ४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटं. दोन हजार रुपये भागिले चार. मिनिटाला पाचशे!!

त्या ४० सेकंदांतही पहिले दहा डोळा जागेवर आणण्यात जातात. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे शंभरपट मोठं दाखवणाऱ्या साध्या दुर्बिणीत वस्तू दोनेक मिनिटांत क्षेत्राबाहेर सरकते आणि सारखी ढकलून परत आणावी लागते. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि शेजाऱ्याने एकदा मोबाइल उघडला की ती जमा-पुंजी क्षणात संपते. शनी-चंद्राला याने फरक पडत नाही, ते झगझगीत आहेत. पण देवयानी दीर्घिकेसारखी फिकट वस्तू ४० सेकंदांत नीट दिसतच नाही. पहिल्या नजरेला फक्त राखाडी ढग. पाच मिनिटं शांतपणे बघितलं, नजर किंचित बाजूला ठेवून बघितलं, की तिची लांबी हळूहळू वाढत जाते. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे तो, त्याला पाच मिनिटं तरी द्यायला नकोत का?

तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्याला ही चार मिनिटं पुरतात. शनीची कडी पहिल्यांदा दिसली की तोंडातून जो आवाज निघतो तो सगळ्यांचा सारखाच असतो, आणि त्याची किंमत दोन हजारांहून जास्तच आहे. हौशी माणसाला मात्र ती पुरत नाहीत. त्याला लागतो वेळ, आणि रांगेत सर्वात कमी मिळणारी गोष्ट तीच.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात बऱ्याच कंपन्या उतरल्या आहेत. रिसॉर्ट, तंबू, बार्बेक्यू आणि सोबत 'स्टारगेझिंग'. सगळ्याच वाईट आहेत असं मुळीच नाही. चांगल्या दुर्बिणी असतात, बोलणारे तयारीचे असतात. पण अशाच एका रात्री (नाव सांगत नाही) आम्ही पोचलो तर मैदानाच्या मध्यभागी शेकोटी, झाडांवर दिव्यांच्या माळा आणि स्पीकरवर गाणी. वेळापत्रकात आकाशदर्शन ९ ते १०, मग जेवण. मृग धड वर आला नव्हता तोच दुर्बीण झाकून ठेवली. मी दिवे बंद करायची विनंती केली तर उत्तर मिळालं, "सर, बाकीच्या गेस्टना अंधारात भीती वाटते." बरोबरच होतं त्याचं. बाकीच्यांनी अंधाराचे पैसे भरलेच नव्हते.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल.

पहिली गोष्ट, सुरक्षितता. "दुर्बीण घे आणि जा कुठेतरी माळरानावर" हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण आमच्या टीममधल्या एखाद्या मुलीने एकटीने कर्जतच्या पुढे एखाद्या शेतात रात्र काढायची म्हटलं तर घरचे काय म्हणतील? आणि घरच्यांचं सोडा, तिला स्वतःला कसं वाटेल? ओळखीची संस्था, सोबत इतर कुटुंबं, बाथरूमची सोय, पहाटे स्टेशनपर्यंत सोबत, या गोष्टी पैसे देऊन घेण्यासारख्या आहेत. हे शुल्क आभाळाचं नाही, निर्धास्तपणाचं आहे आणि ते हौशी माणसालाही लागू आहे.

दुसरी गोष्ट, फुकटाची किंमत कुणीतरी दुसरा मोजत असतो. आयुका राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, लोकांना आत बोलावते आणि आभाळ दाखवते, ती मोठी संस्था आहे. पण चाकरमानी लोकांच्या मंडळाने वर्षानुवर्षं फुकट राबावं अशी अपेक्षा करणं बरं नाही. तुम्ही भरलेल्या पैशातून एखाद्या शाळेत दुर्बीण पोचत असेल, तर त्याचा हिशेब भिंगाच्या मिनिटांत करू नये.

तिसरी गोष्ट ग्रहणांची. काही वेळा तिकीटच सर्वस्व असतं. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास पट्टा अंकोला-हुबळी-रायचूरवरून गेला आणि मुंबईला खंडग्रासावर समाधान मानावं लागलं. २४ ऑक्टोबर १९९५ ला फतेहपूर सिक्रीच्या बाजूला जेमतेम मिनिटभराचं खग्रास, पण आभाळ स्वच्छ. ११ ऑगस्ट १९९९ ला गुजरातेत ऐन पावसाळ्यात आणि २२ जुलै २००९ ला सुरत-भोपाळ-पाटणा पट्ट्यात, बहुतेक ठिकाणी ढगांनी पाणी फिरवलं. ९९ टक्के ग्रहण आणि १०० टक्के ग्रहण यांत एक टक्क्याचा फरक नसतो, दिवस आणि रात्रीचा असतो. त्यामुळे पट्ट्यात जावंच लागतं आणि जायला पैसे पडतातच. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणाच्या सहली विकल्या जातायत, इजिप्तच्या लक्झरला सहा मिनिटांहून जास्त अंधार होणार आहे. ज्यांना परवडत नाही (माझ्यासारखे!) त्यांच्यासाठी २० मार्च २०३४ ला सावली आपल्याच काश्मीर-लडाखवरून जाणार आहे. आणि नुसता अंधारच हवा असेल तर पेंच आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातली ही पहिलीच.

तर मग हौशी माणसाने करावं काय? माझा हिशेब असा.

पहिल्या दोन रात्री पैसे भरून खुशाल जा. तिसऱ्या रात्रीचे पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून चार प्रश्न विचारा. एका दुर्बिणीमागे माणसं किती? दिवे पूर्ण बंद असतात का? रात्रभर आहे की दोन तास? आणि चौथा, सर्वात महत्त्वाचा: मी माझी द्विनेत्री घेऊन आलो, किंवा मदतीला उभा राहिलो, तर चालेल का? चौथ्या प्रश्नाला "हो, या की" असं उत्तर आलं तर बाकीच्या तिन्हींत थोडं कमीजास्त असलं तरी जा. "सर, तुम्ही फक्त एन्जॉय करा" असं आलं तर तो कार्यक्रम चांगला असेलही, पण तुमच्यासाठी नाही.

दोन-तीन कार्यक्रमांच्या पैशात एक साधी १० बाय ५० ची द्विनेत्री येते. अंधारात मोठी झालेली डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर धरली तर ५० मिलिमीटरचं भिंग तिच्या पन्नासपट उजेड गोळा करतं. मेसियेच्या यादीतल्या ११० वस्तूंपैकी कितीतरी त्यात सापडतात, आणि मागे रांग नसते. आठ इंची दुर्बीण हाच उजेड आठशे पटींवर नेते, पण ती प्रभादेवीच्या वन-बीएचकेत ठेवायची कुठे हा प्रश्न आहेच. ती मंडळाकडे असते. म्हणून मंडळ हवं.

मला काळजी पैशांची वाटत नाही. मुंबईचं आभाळ तर गेलंच, वांगणीच्या बाजूलाही इमारती सरकत चालल्यात आणि अंधार दर वर्षी आणखी लांब जातोय. अशा वेळी आभाळ बघणं हा पूर्णपणे विकत घ्यायचा अनुभव झाला, तर बघणारे वाढतील पण दाखवणारे संपतील. दीक्षितांच्या वाचकाकडे ४८ मिनिटं होती आणि ती त्याची स्वतःची होती. आपल्याला निदान तेवढी तरी आपल्या हाताने दुर्बीण फिरवत मिळायला हवीत.

असो. अमावास्येच्या आसपासचे शनिवार कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा, रिलीजच्या तारखा त्याप्रमाणे ठरवता आल्या तर उत्तमच. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. आणि कुणी "जरा ही दुर्बीण धर रे" म्हणालं, तर लगेच धरा.